इन्सुलिनचं आयुष्य पाच मिनिटांचं

रिपोर्टवर एक ओळ असते: उपाशीपोटी इन्सुलिन, १८. वरच्या ओळीत साखर, १३२. मग दवाखान्याच्या बाकावर हमखास विचारलं जातं, "इन्सुलिन तर भरपूर दाखवायलंय, मग साखर का उतरेना?" बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात रिपोर्ट इंग्रजीत येतो, समजावून सांगणं बऱ्याचदा कन्नडात होतं आणि घरी त्यावर चर्चा मराठीत. या दोन उड्यांत एक गोष्ट हटकून गळते. तो १८ म्हणजे स्वादुपिंडाची कमाई नव्हे, ती शिल्लक आहे. जमेच्या बाजूला पेशींनी रक्तात सोडलेलं इन्सुलिन आणि खर्चाच्या बाजूला यकृताने, किडनीने, स्नायूंनी मोडीत काढलेलं. दोन्ही बाजू दर मिनिटाला हलत असतात. खर्चाची बाजू शाळा-कॉलेजात फारशी शिकवत नाहीत आणि माझ्या मते निम्मा घोटाळा तिथेच होतो. तेव्हा एकाच रेणूचा जन्मापासून मोडीपर्यंतचा हिशोब इथे मांडतो.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत सुरुवात होते ती ११० अमिनो आम्लांच्या साखळीने. तिची पहिली २४ अमिनो आम्लं म्हणजे पत्ता. रायबोसोम या प्रथिनं विणणाऱ्या यंत्रातून साखळी बाहेर येत असतानाच हा पत्ता वाचला जातो आणि अख्खी साखळी अंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या जाळ्याच्या, पोकळीत ओढली जाते. आत शिरताच पत्ता कापून टाकतात. प्रथिनांच्या अंगावरच त्यांचा पत्ता लिहिलेला असतो हे दाखवून दिल्याबद्दल ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं. उरलेल्या ८६ अमिनो आम्लांच्या साखळीला प्रोइन्सुलिन म्हणतात.

आता ती घडी घालायची. प्रोइन्सुलिनमध्ये सिस्टीन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल सहा ठिकाणी असतं आणि त्यांच्या गंधकाच्या तीन जोड्या जुळाव्या लागतात. दोन जोड्या पुढे ए आणि बी होणाऱ्या भागांना एकमेकांशी बांधतात, तिसरी ए भागाच्या आतच असते. ज्याची जोडी त्याच्याशीच जुळली पाहिजे. साखर वाढलेली असताना बीटा पेशी मिनिटाला दहा लाखांच्या घरात प्रोइन्सुलिन बनवते. एवढ्या गर्दीत काही घड्या चुकणारच. चुकलेली साखळी पुढे जाऊ दिली जात नाही. तिला पोकळीतून परत बाहेर ओढतात, तिच्यावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाच्या चिकट्या लावतात आणि प्रोटिएझोम नावाच्या पिंपासारख्या यंत्रात तिचे तुकडे होतात. ही चिकटी लावण्याची पद्धत शोधल्याबद्दल सिचनोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे मोडतोड रक्तात पोचल्यावर सुरू होते असं नाही, माल गोदामात जाण्याआधीच पहिली छाटणी होते.

ही छाटणी तोकडी पडली की काय होतं, ते काही तान्ह्या बाळांत दिसतं. इन्सुलिनच्या जनुकात ९६ व्या जागेच्या सिस्टीनऐवजी टायरोसीन आलं की एक गंधक एकटं पडतं. ते एकटं गंधक शेजारच्या चांगल्या साखळ्यांनाही अडकवतं. त्यामुळे दोन जनुकांपैकी एकच बिघडलेलं असूनही दुसऱ्याचं उत्पादन वाया जातं, जालिकेवरचा ताण वाढत जातो आणि बीटा पेशी मरू लागतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह निघाला तर 'लहान मुलांचा नेहमीचा टाइप १' असं समजून थांबू नये, जनुकाची तपासणी करून घ्यावी, असं डॉक्टर सांगतात ते याचसाठी. कारण अशा बाळांपैकी काहींत इन्सुलिनचं जनुक चांगलं असतं आणि बिघाड पोटॅशियमच्या वाहिनीत असतो (या वाहिनीचं काम पुढे येतं). त्यांतल्या बऱ्याच बाळांचं इंजेक्शन सुटून सल्फोनिलयुरियाच्या गोळ्यांवर भागतं. घडीचा बिघाड असलेल्यांना मात्र इन्सुलिनच द्यावं लागतं.

घडी नीट बसलेलं प्रोइन्सुलिन गॉल्जीतून, म्हणजे पेशीच्या पॅकिंग खात्यातून, पोतड्यांमध्ये भरलं जातं. पोतडीचा व्यास मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाएवढा. पोतडी पिकत जाते तशी आत आम्लता वाढते, पीएच ५.५ च्या आसपास येतो, आणि तेव्हाच कापणारे एन्झाइम जागे होतात. प्रोहॉर्मोन कन्व्हर्टेज १/३ आणि कन्व्हर्टेज २ हे दोघं मिळून मधला तुकडा सोडवतात, कार्बॉक्सिपेप्टिडेझ ई कडा साफ करतं. हाती येतं ५१ अमिनो आम्लांचं इन्सुलिन, ए साखळी २१ ची, बी साखळी ३० ची, आणि वेगळा झालेला ३१ अमिनो आम्लांचा सी-पेप्टाइड. डोनाल्ड स्टाइनर यांनी १९६७ मध्ये प्रोइन्सुलिन दाखवण्याआधी या दोन साखळ्या वेगवेगळ्या बनून नंतर जुळतात असं वाटण्याला बराच वाव होता. एक इन्सुलिन, एक सी-पेप्टाइड, हे प्रमाण लक्षात ठेवा. पुढे रिपोर्ट वाचताना तेच कामाला येतं.

पोतडीत जस्त भरपूर असतं. दोन जस्ताच्या अणूंभोवती सहा इन्सुलिन गोळा होतात आणि त्यांचे खडे बनतात. या खड्यांमुळे माल कमी जागेत मावतो आणि पोतडीतल्याच एन्झाइमांपासून सुरक्षितही राहतो. पोतडी फुटून खडा रक्ताच्या ७.४ पीएचमध्ये आला की क्षणात विरघळतो आणि एकेकटं इन्सुलिन मोकळं होतं. रिसेप्टरला, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, बसतं ते एकेकटंच.

इंजेक्शनच्या बाटलीतही हेच सहाचे गट असतात. साधं रेग्युलर इन्सुलिन जस्तासोबत सहा-सहाच्या गटात बसलेलं असतं आणि कातडीखाली ते सुटं व्हायला वेळ लागतो. जेवणाआधी अर्धा तास टोचायला सांगतात त्याचं कारण हेच. लिस्प्रो आणि अस्पार्ट ही लवकर काम करणारी इन्सुलिनं. लिस्प्रोमध्ये बी साखळीच्या शेवटाजवळची दोन अमिनो आम्लं अदलाबदल केलेली असतात, अस्पार्टमध्ये एक बदललेलं असतं. एवढ्यानेच गट सैल पडतो आणि औषध जेवणाच्या तोंडावर टोचलं तरी चालतं. रेग्युलर टोचून लगेच ताटावर बसलं, त्यात बेळगावच्या गोड कुंद्याचा तुकडा असला, तर साखर आधी चढते आणि इन्सुलिन मागाहून पोचतं. दोन तासांनी साखर जास्त आणि चार तासांनी घाम फुटून कमी, अशी जी तक्रार येते तिच्यात डोस बरोबर आणि वेळ चुकलेली, असं पुष्कळदा निघतं.

आता साठा. एका बीटा पेशीत साधारण दहा हजार पोतड्या असतात. त्यांतल्या पेशीच्या कडेला लागून, फक्त इशाऱ्याची वाट बघत असलेल्या जेमतेम एक ते पाच टक्के. हंगामात चिकोडी-संकेश्वरकडे साखर कारखान्याचं यार्ड बघितलं असेल तर हे चटकन उमगेल. गव्हाणीच्या तोंडाशी भरलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात, त्या भोंगा झाला की लगेच आत. त्या संपल्या की पुढचा ऊस मागच्या रांगेतून आणि थेट फडातून यायचा, त्याला त्याचा वेळ लागतो. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर इन्सुलिनचा पहिला उसळा पाच मिनिटांच्या आत शिखर गाठतो आणि दहाएक मिनिटांत ओसरतो, तो कडेच्या पोतड्यांचा. मग दुसरा, सावकाश, साखर चढलेली असेपर्यंत चालणारा, तो मागून हलवून आणलेल्यांचा. आणि तोडून पडलेल्या उसाचा उतारा जसा दिवसागणिक घसरतो तसंच इथेही. पेशी शक्यतो ताज्या पोतड्या आधी बाहेर काढते. न वापरता राहिलेल्या जुन्या पोतड्या काही दिवसांनी लायसोसोमकडे, म्हणजे पेशीच्या मोडतोड करणाऱ्या पिशव्यांकडे, जातात आणि आतलं इन्सुलिन बाहेर न पडताच संपतं. याला क्रिनोफेजी म्हणतात. उपाशी असताना पेशी बनवलेल्या मालापैकी काही भाग असाच परत मोडते.

भोंगा वाजतो कसा, ते जरा बारकाईने. ग्लुकोज पेशीत शिरतं, माणसात मुख्यतः ग्लुट-१ या दारातून. आत ग्लुकोकायनेझ त्याला फॉस्फेट लावतं. हे एन्झाइम म्हणजे पेशीचा साखर मोजायचा काटा. बाकीच्या ऊतींतलं त्याचं भावंड, हेक्सोकायनेझ, अगदी थोड्या साखरेतच पूर्ण वेगाने चालतं. ग्लुकोकायनेझ मात्र साखर १४० च्या आसपास असताना निम्म्या वेगावर येतं, म्हणून ९० आणि १५० यांतला फरक त्याला कळतो. साखर जळली की एटीपी हे पेशीचं इंधन वाढतं, त्याचं वापरलेलं रूप एडीपी घटतं, आणि पोटॅशियम बाहेर सोडणारी एक वाहिनी बंद होते. पोटॅशियम अडलं की पेशीच्या पडद्यावरचा विद्युतदाब, जो एरवी उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असतो, वर सरकतो. ठरावीक पातळीला कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, कॅल्शियम आत येतं आणि पोतडी व पडदा यांना जवळ बांधून ठेवणारी स्नेअर प्रथिनं चेन ओढावी तशी एकमेकांत गुंततात. पडदे एक होतात, पोतडी बाहेरच्या बाजूला उघडते. रॉथमन, शेकमन आणि सुडहॉफ यांना २०१३ चं नोबेल या वाहतुकीच्या उलगड्याबद्दल मिळालं. साखर ९० च्या खाली असली तर ही साखळी बहुतेक निजलेली असते.

या साखळीत कुठे बोट घालता येतं आणि काय बिघडतं तेही यातूनच कळतं. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या सल्फोनिलयुरिया गोळ्या पोटॅशियमची वाहिनी थेट बंद करतात, साखर असो वा नसो. जेवण चुकलं तरी भोंगा वाजतच राहतो. म्हणून एकादशीच्या उपवासाला ही गोळी नेहमीसारखी घेणं धोक्याचं, डॉक्टरांना आधी विचारून डोस ठरवावा. किडनी कमजोर असलेल्या वयस्कर माणसात ग्लिबेनक्लामाइड तर टाळतातच, कारण त्याचे क्रियाशील अवशेष किडनीतून जायचे ते साचतात. साखर उतरून बेशुद्ध पडलेला माणूस एकदा ग्लुकोज देऊन शुद्धीवर आला म्हणून घरी नेऊ नये, दिवसभरात साखर पुन्हा उतरू शकते. दुसरीकडून बघायचं तर अॅड्रिनलिन आणि सोमॅटोस्टॅटिन ही हॉर्मोन पोतड्या फुटणं दाबून धरतात. ताप, शस्त्रक्रिया, मोठा धक्का यांत साखर चढते, त्यात या अॅड्रिनलिनचा वाटा असतो. आणि टाइप २ मध्ये सगळ्यात आधी जातो तो पहिला उसळा. उपाशीपोटीची साखर ११५ च्या पुढे गेलेल्या बहुतेकांत तो जवळपास नाहीसाच होतो, दुसरा मात्र बराच काळ टिकून राहतो. जेवणानंतरची साखर आधी बिघडते आणि उपाशीपोटीची मागाहून, ते पुष्कळ अंशी यामुळेच.

जमेची बाजू इथपर्यंत. खर्चाची बाजू जास्त वेगवान आहे.

रक्तात आलेल्या इन्सुलिनचं अर्धायुष्य चार ते सहा मिनिटं. पाच धरून चालू. पाच मिनिटांनी निम्मं, दहा मिनिटांनी पाव, पंचवीस मिनिटांनी शेकडा तीन. स्वादुपिंडातून निघालेलं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही, आधी यकृतात जातं, आणि पहिल्याच फेरीत यकृत निम्मं किंवा त्याहूनही जास्त इन्सुलिन काढून घेतं. हाताच्या शिरेतून काढलेल्या नमुन्यात दिसतं ते यकृताच्या हातून सुटलेलं. उरलेल्यातला मोठा वाटा किडनी घेते, बाकी स्नायू आणि चरबी.

हे काढून घेणं म्हणजे गाळणं नव्हे. इन्सुलिन रिसेप्टरला बसतं, संदेश पोचतो, आणि मग पेशी रिसेप्टरसकट ते आत ओढते. आतल्या पिशवीत आम्लता वाढते, इन्सुलिन रिसेप्टरवरून सुटतं, रिसेप्टर बहुतेक वेळा परत पृष्ठभागावर जातो आणि इन्सुलिनचे तुकडे होतात. तुकडे करणाऱ्यांतलं प्रमुख एन्झाइम १९४९ मध्ये मिर्स्की आणि ब्रोह-कान यांनी इन्सुलिनेझ या नावाने पुढे आणलं, आज त्याला इन्सुलिन डिग्रेडिंग एन्झाइम किंवा आयडीई म्हणतात. त्याचा आकार बंद होणाऱ्या डबीसारखा आहे. दोन अर्ध्या वाट्या, आत पोकळी, पोकळीच्या भिंतीवर एक जस्ताचा अणू. इन्सुलिनएवढा छोटा रेणू पोकळीत मावतो, वाट्या मिटतात, आत तो उलगडला जातो आणि कापला जातो. जे मावत नाही ते सुटतं. म्हणून हेच एन्झाइम साखर वाढवणारं ग्लुकागॉन आणि मेंदूत साचणारं अमायलॉइड बीटाही कापतं. ते अमिनो आम्लांच्या एका विशिष्ट क्रमापेक्षा माप आणि आकार जास्त बघतं.

इतक्या कष्टाने बनवलेली वस्तू पाच मिनिटांत का मोडायची? कारण बीटा पेशी इन्सुलिन सतत धारेने सोडत नाहीत, साधारण पाच-दहा मिनिटांच्या ठोक्यांनी सोडतात. यकृतापर्यंत हे ठोके वेगवेगळे पोचतात. इन्सुलिनचं अर्धायुष्य दोन तासांचं असतं तर एक ठोका निम्म्यावर यायच्या आत बारा ते चोवीस ठोके त्यावर चढले असते आणि सगळं सपाट झालं असतं. जेवण संपून साखर उतरू लागल्यावर 'पुरे' म्हणायचीही सोय उरली नसती. नवीन संदेश ऐकू यायला जुना पुसलेला लागतो, आणि पुसण्याचा वेग बोलण्याच्या वेगाशी जुळलेला लागतो. आवाज सारखाच चढा राहिला तर ऐकणारी पेशी पृष्ठभागावरचे रिसेप्टर कमी करते. आत ओढलेल्यांपैकी जास्त मोडीत काढते, थोडे परत पाठवते.

आता तो १८ परत घेऊ. स्थिर अवस्थेत रक्तातली पातळी म्हणजे सोडण्याचा वेग भागिले मोडण्याची क्षमता. सोडणं तेवढंच राहिलं आणि मोडण्याची क्षमता ३० टक्क्यांनी घटली तर १० चे १४ होतात, निम्म्यावर आली तर २०. स्वादुपिंडाने एक थेंबही जास्त काढलेला नसतो. यकृतात चरबी साठलेल्यांत नेमकं हेच होतं, यकृताची इन्सुलिन उचलण्याची क्षमता कमी होते. तेव्हा वाढलेला आकडा म्हणजे दोन गोष्टींची सरमिसळ: पेशी ऐकत नाहीत म्हणून स्वादुपिंड जास्त ओततंय, आणि यकृत कमी उचलतंय. त्यातच टाइप २ मध्ये पोतड्या कच्च्या असतानाच बाहेर पडतात, प्रोइन्सुलिनचं प्रमाण वाढतं. प्रोइन्सुलिनची ताकद इन्सुलिनच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून कमी, पण ते रक्तात जास्त वेळ राहतं, आणि काही जुन्या पद्धतीच्या चाचण्या त्यालाही इन्सुलिन म्हणूनच मोजतात. पोटाचा घेर आणि यकृताची सोनोग्राफी सोबत न बघता नुसतं उपाशीपोटीचं इन्सुलिन वाचणं मला पटत नाही.

कमाईच मोजायची असेल तर सी-पेप्टाइड मोजावं. तो इन्सुलिनबरोबर एकास एक बाहेर पडतो, यकृत त्याला जवळजवळ हात लावत नाही, आणि त्याचं अर्धायुष्य अर्ध्या तासाच्या आसपास. पंचवीस मिनिटांनी इन्सुलिन तीन टक्के उरतं तेव्हा सी-पेप्टाइड पन्नास टक्क्यांहून जास्त शिल्लक असतो. इंजेक्शनच्या बाटलीत तो नसतो, त्यामुळे इन्सुलिन घेणाऱ्या माणसाचं स्वतःचं स्वादुपिंड किती काम करतंय ते त्यावरून कळतं. साखर अचानक ४० पर्यंत उतरलेल्या पेशंटमध्ये त्याच वेळी काढलेला नमुना सोन्याच्या मोलाचा. इन्सुलिन जास्त आणि सी-पेप्टाइड नगण्य, म्हणजे ते बाहेरून टोचलेलं. दोन्ही जास्त, म्हणजे सल्फोनिलयुरियाची गोळी पोटात गेलीय किंवा इन्सुलिन बनवणारी गाठ आहे, आणि त्यासाठी गोळीची वेगळी तपासणी लागते. साखर देऊन माणूस सावरल्यावर काढलेल्या नमुन्यातून हा निकाल लागत नाही, म्हणून आधी रक्त, लगेच ग्लुकोज. मात्र सी-पेप्टाइड किडनीतून जातो. क्रिएटिनिन चढलेलं असेल, म्हणजे किडनी कमी काम करत असेल, तर तो साचून फुगलेला दिसतो. किडनी उतरत चाललेल्यांत टोचलेलं इन्सुलिनही जास्त वेळ टिकतं, कारण कातडीखालून आलेलं इन्सुलिन यकृताची पहिली फेरी चुकवतं आणि किडनीवर जास्त विसंबतं. "शुगर सुधारली, डोस कमी लागतोय" हे अशा माणसात सुखाचं लक्षण नसतं, किडनी बघा.

मोडतोड नमुन्याच्या नळीतही चालूच असते. लाल पेशींमध्ये आयडीई भरपूर असतं. लाल पेशी फुटल्या की ते बाहेर येतं आणि नळीतलं इन्सुलिन कापू लागतं. नमुना गुलाबी दिसत असेल तर इन्सुलिनचा आकडा खोटा कमी येणार, आणि किती कमी ते सांगता येत नाही. सी-पेप्टाइडवर याचा परिणाम फारच थोडा. लाल पेशी का फुटतात? बारीक सुई, सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढणं, मग सुईतूनच नळीत जोराने सोडणं, स्पिरिट वाळायच्या आत टोचणं, पट्टा बराच वेळ आवळून ठेवणं, नळी खडखडून हलवणं. नळी पाच-सहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची, बस्स. खानापूरच्या गावातून किंवा निपाणीहून नमुना बेळगावला पाठवायचा तर तिथेच सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळं करावं आणि सीरम थंड ठेवून पाठवावं. अख्खं रक्त बर्फाला चिकटवून पाठवलं की पेशी गोठून फुटतात, ज्यासाठी बर्फ घातला तेच हुकतं. ईडीटीए असलेल्या जांभळ्या झाकणाच्या नळीत इन्सुलिन जास्त टिकतं. आयडीईला जस्त लागतं आणि ईडीटीए धातू पकडून ठेवतं. पण प्रत्येक किटला ईडीटीए चालतं असं नाही, लॅबला विचारून नळी घ्यावी. साखरेसाठीची करड्या झाकणाची नळी वेगळी. तिच्याशिवाय ठेवलेल्या रक्तातली साखर पेशी खातात, खोलीच्या तापमानाला तासाला पाच-सात टक्के. आणि केसांसाठी बायोटिनच्या ५-१० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी सांगा. बऱ्याच चाचण्या बायोटिनच्या पकडीवरच चालतात आणि इन्सुलिनचा आकडा खोटा खाली येतो. निदान दोन दिवस आधी गोळी थांबवायला सांगतात.

मोडण्याची बाजू औषधासाठी किती उपयोगी पडते याचं उत्तम उदाहरण जीएलपी-१. आतड्यातून निघणारा हा पेप्टाइड बीटा पेशीला साखर चढलेली असतानाच जास्त इन्सुलिन सोडायला लावतो. त्याचं आयुष्य इन्सुलिनहून तोकडं, दोनेक मिनिटांचं. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरचं डीपीपी-४ हे एन्झाइम त्याच्या टोकाची दोन अमिनो आम्लं कापतं आणि तो निकामी होतो. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गोळ्या ही कात्री अडवतात, त्यामुळे शरीराचाच जीएलपी-१ दोन-तीन पट शिल्लक राहतो. जीएलपी-१ सारखंच बनवलेलं औषध सेमाग्लुटाइड, त्यात वेगळी युक्ती आहे. कात्री जिथे लागते तिथलं अमिनो आम्ल बदललं आणि रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाला धरून राहणारी चरबीची शेपटी जोडली. दोन मिनिटांचे सात दिवस झाले, म्हणून आठवड्याला एक इंजेक्शन पुरतं. त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी. उलट्या सुरू झाल्या म्हणून औषध बंद केलं तरी ते आठवडाभराने निम्म्यावरच आलेलं असतं.

सगळीच संदेशवाहक प्रथिनं या पोतड्यांच्या वाटेने जात नाहीत. जळजळीचा संदेश देणारं इंटरल्यूकिन-१ बीटा पत्त्याशिवायच बनतं, पेशीच्या द्रवात निष्क्रिय पडून राहतं. धोक्याची खूण मिळाली की कॅस्पेझ-१ त्याला कापून जागं करतं आणि तेच एन्झाइम गॅस्डर्मिन-डी कापून पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं. संदेश त्या भोकांतून निसटतो, बऱ्याचदा पेशीचा जीव घेऊन. संधिवाताच्या गाउटमध्ये युरिक आम्लाचे खडे हीच साखळी पेटवतात. इन्सुलिनसारखा मोजून-मापून सोडण्याचा मामला इथे नाही.

राहिली बाटलीतली मोडतोड. तिथे एन्झाइम नाही, पण उष्णता आणि हेलकावे आहेत. गरम झालेलं इन्सुलिन घडी सोडून लांब तंतूंच्या रूपात एकमेकांना चिकटतं, बाटलीत धूसर कण किंवा काचेवर पांढरी साय दिसते, आणि ते औषध गेलं. गोठलेलंही गेलंच, वितळून नितळ दिसलं तरी. न उघडलेला साठा २ ते ८ अंशांत ठेवायचा, फ्रीजच्या मागच्या भिंतीला न टेकवता. वापरात असलेली बाटली कंपनीच्या पत्रकाप्रमाणे २५ किंवा ३० अंशांखाली, बहुतेक चार आठवडे.

फ्रीज नसेल किंवा वीज जात असेल तिथे वापरातल्या बाटलीला खानापूरच्या मातीचं भांडं चांगलं काम देतं. मोठ्या माठात छोटा माठ, दोन्ही न रंगवलेले, मध्ये ओली वाळू, वर ओलं फडकं आणि झाकण. बाटली छोट्या माठात कोरड्या डबीत, पाण्यात बुडवून नव्हे. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची. गारवा येतो तो बाष्पीभवनातून, म्हणजे हवा जितकी कोरडी तितका जास्त. म्हणून एप्रिलमध्ये अथणीकडे, जिथे गरज जास्त, तिथे हे भांडं बाहेरच्यापेक्षा बरंच गार राहतं, आणि जिथे ते भाजलं जातं त्या खानापुरात आषाढाच्या दमट हवेत जवळपास काहीच फरक पडत नाही. तिथे तेव्हा हवाच गार असते म्हणून भागतं. आत एक साधा थर्मामीटर ठेवावा आणि दुपारी तीनला वाचावा. ३० च्या वर दाखवत असेल तर बाटली शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये हलवावी.